ओदिल्लाबाईंची शेगडी गप्प झाली तेव्हा

कार्नियाच्या त्या डोंगरखोऱ्यात घर ऊबदार ठेवणाऱ्या शेगड्या दुरुस्त करणारे दोघंच. दुसरा हसतमुख होता आणि वेळेवर यायचा. एर्मेस प्लाझ्झोत्ता उशिरा यायचा, कारण आधीच्या घरातून त्याचा पाय निघत नसे. गाडीत बसला की त्याला वाटायचं, धुराड्याचं झाकण नीट बसवलं ना? मग पुन्हा उतरायचा. बायको नीवेस त्याला शंकासुर म्हणायची. वीस वर्षं त्यानं लाकूड कापायच्या गिरणीत काढली होती. ती बंद पडल्यावर, चाळिशी उलटून गेली असताना, तो हे काम शिकला. उशिरा शिकलेला माणूस तो, प्रत्येक स्क्रूला दोनदा हात लावायचा.

तरी ओदिल्लाबाईंच्या शेगडीनं त्याला चकवलं.

ओदिल्लाबाईंनी त्याला शाळेत पाढे शिकवले होते. आता वय एक्क्याऐंशी, वस्तीतल्या सगळ्यात वरच्या घरात एकट्या. शेगडी लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणारी. आतला पंखा धूर ओढून धुराड्यात ढकलतो, त्यानं शेगडीच्या पोटात ओढ तयार होते. ती ओढ कमी पडली की एक छोटासा स्विच कांड्यांचा पुरवठा तोडतो, अलार्म वाजतो आणि विस्तव विझतो. नोव्हेंबरपासून बाईंची शेगडी आठवड्यातून तीन-चारदा अशी विझत होती.

एर्मेस तीनदा जाऊन आला. धुराड्याच्या वळणातली राख काढली, पंख्याची पाती खरवडली. स्विचकडे जाणारी रबरी नळी सोडवून फुंकून पाहिली, तिला कुठं चीर नव्हती. शेगडीच्या दाराच्या फटीत कागद अडकवून ओढला, कागद हलला नाही, म्हणजे दार हवाबंद करणारी दोरीही घट्ट. मोजयंत्र लावलं तर ओढ अगदी हवी तेवढी. दर वेळी तो दुपारी चारनंतर पोचायचा, दोन-दोन तास समोर बसायचा, आणि शेगडी त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखी जळत राहायची. वैद्य दारात आला की ताप उतरावा तसं. खाली उतरताना त्याला ठाऊक असायचं की आपल्याला काही सापडलेलं नाही, आणि ती जाणीव जेवणात, झोपेत त्याच्याबरोबर असायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी, अकरा वाजून गेल्यावर, बाईंचा फोन आला. आवाज खुशीत होता. आता यायची गरज नाही, त्या म्हणाल्या. भाचा लिव्हिओ फर्निचरच्या कारखान्यात वायरमन आहे, त्यानं पाच मिनिटांत काम केलं. चार दिवसांत एकदाही अलार्म नाही.

"त्यानं काय केलं, बाई?"

"दोन वायरी एकमेकींना जोडल्या म्हणे. तुझा तो स्विचच खराब होता."

एर्मेसला लगेच कळलं. ओढ नसली तरी आता शेगडी थांबणार नव्हती. धूर वर गेला नाही तर खोलीत येणार, आणि त्यातल्या विषारी वायूला ना वास ना रंग.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"डोकं जड आहे कालपासून. थंडी बाधली असेल. सूप ढवळताना दोनदा खाली बसले."

त्यानं खिडक्या उघडून बाहेर जायला सांगितलं. बाहेर उणे सात आहे, गाढवा, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आयुष्यात कधी बोलला नव्हता त्या आवाजात तो बाईंशी बोलला. "कोट घाला आणि बाहेर उभ्या राहा. आत्ता." बरं, बूट घालते, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानं एकशे बाराला फोन केला. अग्निशमनची गाडी खाली तोल्मेझ्झो शहरातून यायची, या बर्फात पाऊण तास. त्याला वीस मिनिटं पुरणार होती. निघताना बाईंना पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. पहिल्या वळणावर लावला, पुलावर लावला, घंटा वाजतच होती. त्यांच्या शेजारचं घर हिवाळ्यात बंद असतं हे त्याला माहीत होतं, तरी त्या कुलूपबंद घराचा नंबरही त्यानं फिरवला. चढावर चाकं घसरली, गाडी कडेच्या बर्फात घुसली. ती तिथंच सोडून उरलेलं अंतर तो धापा टाकत चालत गेला. चालताना तो एकच गोष्ट उगाळत होता: मी तीनदा गेलो आणि रिकाम्या हातानं परत आलो, म्हणून बाईंनी दुसऱ्याला बोलावलं.

दाराला कडी लावलेली नव्हती. ओदिल्लाबाई आतल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. एक बूट पायात, दुसरा मांडीवर. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखलं असं वाटलं नाही. एर्मेसनं श्वास रोखला, काखेत हात घालून त्यांना ओढत अंगणात आणलं, स्वतःचं जाकीट पायांखाली घातलं. मग पुन्हा आत पळत जाऊन खिडक्या सताड उघडल्या. शेगडीचा प्लग त्यानं उपटला नाही. उपटला असता तर धूर ओढणारा पंखाही बंद पडला असता. बटणानं विझवली, स्वयंपाकघरात जे चालू होतं ते सगळं बंद केलं आणि बाहेर आला.

बाई ओकल्या. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दुसरा पाय गार पडलाय." एर्मेसला रडू फुटलं. बूट बर्फात पडला होता, तो झटकून त्यानं त्यांच्या पायात घातला.

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, अग्निशमनच्या माणसांनी घरातली हवा तपासली. तासाभरात लिव्हिओ आला. चेहरा पांढराफटक, पण तोंड चालू. मावशी थंडीत कुडकुडत होती, तुला तीनदा येऊन जमलं नाही, मग मी काय करायचं होतं? त्यातलं अर्धं खरं होतं हे एर्मेसला ठाऊक होतं. त्यानं चिकटपट्टी सोलून वायरी सोडवल्या, स्विच पुन्हा जोडला, खिडक्या लावल्या आणि शेगडी पेटवली. मोजयंत्र लावून दोघं बसले. आकडा चांगला होता. अर्धा तास तसाच चांगला राहिला.

"बघ," लिव्हिओ म्हणाला, "शेगडीला काही झालेलंच नाही."

एर्मेसची नजर चुलीवरच्या सुपाच्या पातेल्याकडे गेली. जव आणि राजमा, सकाळपासून शिजत ठेवलेले. तो दर वेळी दुपारी चारनंतर आला होता. त्या वेळी बाई स्वयंपाक करत नसत. तो उठला आणि चुलीवरचा वाफ ओढणारा पंखा चालू केला. मोजयंत्राचा आकडा घसरू लागला, शेगडीतली ज्योत पिवळी होऊन आळसावली, आणि मिनिटाभरात अलार्म वाजला.

घरातली हवा चुलीवरचा पंखा बाहेर फेकत होता आणि आत यायला हवेला वाटच नव्हती. ऑक्टोबरात बाईंनी नव्या घट्ट खिडक्या बसवल्या होत्या. पण शेगडीसाठी भिंतीत भोक असायलाच हवं. दोघांनी कपाट सरकवलं. मागं भोक होतं, त्यात लोकरीचा मोजा कोंबलेला होता.

सोमवारी इस्पितळात बाईंनी ते कबूल केलं. भोकातून पायाला झोत लागायचा. लिव्हिओला त्या काही बोलल्या नाहीत, एर्मेसला मात्र म्हणाल्या, "कपाट का नाही हलवलंस रे?"

"बरण्या होत्या त्यात, बाई. तुम्ही ओरडाल असं वाटलं."

"ओरडले असते," बाई म्हणाल्या.

शेगडीला आता बाहेरची हवा थेट तिच्या पोटात नेणारी नळी बसवली आहे, ती लिव्हिओनंच बसवली. ओदिल्लाबाई बऱ्या आहेत, फक्त नावं जरा विसरतात. ते वयामुळं की त्या चार दिवसांमुळं, डॉक्टर सांगू शकले नाहीत, आणि हा प्रश्न एर्मेसला अजून सोडत नाही. त्या फेब्रुवारीत तो नव्या खिडक्या बसवलेल्या आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे न बोलावता गेला, पेटत्या शेगडीसमोर स्वयंपाकघराचा पंखा लावायला सांगितला. लोक हसले. सदतीस घरांपैकी तीन घरांत अलार्म वाजला.