गवताच्या गंजीतली संगीन

परवा शेजारी लॉन कापत होता. ताज्या गवताचा वास आला आणि परदेशातल्या आमच्या पार्सिपनीच्या घरातली २००५ सालची ती दुपार आठवली. नाना, माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांच्यासाठी मी लायब्ररीतून युद्धावरच्या जुन्या सिनेमाची डीव्हीडी आणली होती आणि शेजारी बसून इंग्लिश संवाद मराठीत सांगत होते.

पडद्यावरचा सैनिक गवताच्या गंजीत लपला. शत्रूने खुपसलेली संगीन त्याच्या मांडीत घुसली. रक्त दिसू नये म्हणून बाहेर जाणारं पातं त्याने बाहीने पुसून घेतलं.

मी बोलायची थांबले. ही तर नानांची बासष्टच्या लढाईतली गोष्ट. त्यांच्या मांडीवरचा व्रण चाचपत, ती ऐकतच मी मोठी झाले होते.

"छावणीत दाखवला होता हा सिनेमा," नाना खाली बघत म्हणाले.

"मग तो व्रण?"

"पळताना काटेरी तारेत अडकलो. तुकडीतला जोडीदारही अडकला होता. मी सुटलो, आणि मागे वळून पाहिलं नाही."

मी टीव्ही बंद केला. ते परत जाईपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता नाना नाहीत. फसवल्याचा राग मात्र अजून आहे. तरी मुलगी आजोबांविषयी विचारते, तेव्हा मी तिला गवताच्या गंजीचीच गोष्ट सांगते.