मोहाखालचा जाळ

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचाच उन्हाळा. आमचे हे जंगलावर लिहीत. त्यासाठी पुसदजवळच्या रानाच्या कडेला त्यांनी गवताची झोपडी बांधली होती. मी कितीही डोकेफोड केली तरी भोवती झाडू मारू देत नसत. पाखरं पाचोळा उकरताना दिसावीत म्हणून.

मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवतात. त्या दुपारी मी पाण्याला गेले होते, तेवढ्यात झोपडीच्या बाजूनं धुराचा लोट उठला. अनवाणीच धावले. जाळ पाचोळ्यातून थेट झोपडीच्या कुडापर्यंत आला होता आणि बाया ओल्या फांद्यांनी तो झोडपत होत्या.

मी किंचाळतच आत शिरले. हे लिहीत बसलेले. धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत म्हणाले, "आज पाखरं काहून बोलून नाही राह्यली?"