गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांचा कोड

गुरुवारी सकाळी भोसरीतल्या माझ्या शॉपमध्ये लॅपटॉप उघडला, तर मी लिहिलेला कोड काढून टाकलेला.

हे सॉफ्टवेअर मीच सुरू केलं. कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनला पाठवायचा, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. मी मूळचा टर्नर, लेथवर काम करणारा. कोडिंग स्वतःच शिकलो. आम्ही सहा जण, सगळे वर्कशॉपवाले, बिनपगारी. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. मशीन तेव्हाच मोकळी, म्हणून टेस्टिंगही तेव्हाच.

पुढे हिंजवडीच्या एका कंपनीने चार पगारी इंजिनिअर या कामावर बसवले. मर्जचे अधिकार, म्हणजे कोणता बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा ते ठरवायचा हक्क, मीच त्यांना दिला. त्यांनी नियम केला: तीन कामाच्या दिवसांत हरकत आली नाही, तर बदल मंजूर. मी नीट न वाचताच हो म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बदल मांडला: जुन्या मशीनचा सपोर्ट, म्हणजे मी लिहिलेला भाग, बंद. बुधवारी मर्ज. नवीन व्हर्जन टाकलं, की आम्हा सहाही जणांची जुनी मशीन बंद पडणार.

त्यांच्या टीम लीडला, अनघाला, फोन लावला.

"मॅडम, कोणाला विचारून काढलंत?"

"काका, तीन दिवस दिले होते."

"सोमवार ते बुधवार आम्ही मशीनवर उभे असतो. तुम्हाला शनिवार-रविवार, आम्हाला गुरुवार. एवढं माहीत नाही?"

"प्रोसेस सगळ्यांना सारखीच ना. शिवाय जुनी मशीन टेस्ट करायला आमच्याकडे मशीनच नाहीये."

"म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांचं काढलंत. छान."

मी भडकलो. फोर्क करतो म्हणालो, म्हणजे हाच कोड घेऊन वेगळी चूल.

"करा की. सांभाळणार कोण? दर गुरुवारी तुम्ही?"

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मग सौद्यावर आलो. जुना भाग परत घ्या, हरकतीला दहा दिवस द्या. कामाच्या पाच दिवसांवर जमलं, त्यात एक गुरुवार येतोच. बदल्यात तिने माझे मर्जचे अधिकार मागितले. मी दिले.

मशीन चालू आहेत. जुना भाग मीच सांभाळतो, फुकट. गुरुवारी दुरुस्ती पाठवतो, सोमवारी कोणीतरी पगारी माणूस विचारतो, "याची गरज काय?" सहांपैकी दोघांनी काम सोडलं.

फुकट काम जरूर करा. फक्त हरकत घ्यायचे दिवस कोणते, हे हक्क देण्याआधी ठरवा.