हातातलं आणि पेटीतलं

मेदेर चालतो तेव्हा उजवा पाय पुढे जातो आणि डावा जरा विचार करून मागून येतो. सोळाव्या वर्षी अडलेल्या मेंढीचं कोकरू त्यानं उघड्या हातांनी ओढून काढलं. कोकरू मेलेलं निघालं आणि मेंढीचा सारीपचा रोग ह्याच्या अंगात शिरला. सारीप मेंढ्यांचे गाभ पाडतो आणि माणसाचे सांधे खातो. सहा महिने पोरगा अंथरुणात कण्हत होता. उठला तेव्हा गुडघा गेला होता, आणि गुडघ्याबरोबर डोंगरही. बापाचा कळप धाकट्या भावाकडे गेला, आणि मेदेर आमच्या जनावरांच्या दवाखान्यात संगणकापुढे बसला. ह्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. त्याच्या खिडकीतून पूल दिसतो. खोऱ्यातले सगळे कळप वैशाखात त्याच पुलावरून कुरणांवर जातात, आणि तो इथे बसून ते निरोगी असल्याचे कागद काढतो.

मी तिथे झाडू मारते, शेगडी पेटवते. माझ्या चार इयत्ता झाल्यात, त्यातली एक दोनदा. पण हे यंत्र काय करतं ते मेदेरनं मला नीट समजावलं.

"आपा, मी एका मेंढीची नोंद केली की हे पळत पेटीकडे जातं, झाकण उघडतं, नोंद आत ठेवतं, झाकण लावतं, आणि मग मला सांगतं, झालं."

"मग बरंय की."

"हळू आहे. चारशे मेंढ्या म्हणजे चारशे खेपा. दुसरी रीत अशी, की नोंद हातातच धरायची, 'झालं' म्हणायचं, आणि मूठभर साठलं की एकदाच पेटीत टाकायचं."

"म्हणजे माझ्या सुनेसारखं. पांघरुणातूनच ओरडते, गाय पिळली म्हणून."

"अगदी. वीज गेली की हातातलं सांडतं. पेटीतलं राहतं."

आणि वीज आमच्याकडे जातेच. वीज गेल्यावर यंत्र थोडा वेळ जगवायला एक बॅटरीचा डबा होता, तो दोन वर्षांपूर्वीच मेला. मेदेर आता त्यावर दुखरा पाय ठेवतो.

त्या दिवशी दारात रांग होती. खिंड उघडल्याची बातमी आली होती. सगळ्यांना आजच निघायचं होतं. शेजारच्या खोलीतून रक्त तपासलेल्या चिठ्ठ्या येत होत्या. चिठ्ठीवर कानातल्या बिल्ल्याचा आकडा, आणि आजारी असेल तर फुली. आमचे साहेब शारशेन मेदेरच्या मानेवर येऊन उभे राहिले.

"काय रे, मेंढ्या मोजतोयस की झोप काढतोयस? त्या जलद रीतीवर टाक."

"बाइके, वीज गेली तर?" थोरल्या माणसाला आम्ही बाइके म्हणतो.

"सकाळपासून गेली का? नाही ना? मग. आणि चुकलं तर सही तुझी आहे, ध्यानात ठेव."

हळू केलं तर साहेब खाणार, जलद केलं तर सही खाणार. मेदेरनं जलद रीतीवर टाकलं. अर्ध्या तासानं एकदा पेटीत.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या तोकोन मेंढपाळाचा कळप मग झपाट्यानं संपला. यंत्र म्हणालं झालं, मेदेरनं चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या, आणि टोपली मी शेगडीत रिकामी केली. रोज करते तशी. रक्ताच्या नळ्याही तोवर धुऊन झाल्या.

तेवढ्यात जिल्ह्याहून पाहुणा आला. आमच्यात पाहुणा चहाशिवाय बसला म्हणजे घराची अब्रू गेली. माझी शेगडी नुकती पेटत होती, साहेबांना दम कुठला! "आपा, तुमची शेगडी पाहुणा म्हातारा झाल्यावर तापेल," म्हणाले आणि विजेची किटली स्वतःच्या हातानं लावली. फट् झालं. फ्यूज उडाला. तळलेल्या बोरसोकची ताटली हातात धरून पाहुणा अंधारलेल्या पडद्याकडे बघत राहिला.

वीज परत आली. मेदेरनं तोकोनचा कळप उघडून पाहिला. बिल्ल्यांचे चारशे आकडे होते, ते गेल्या आठवड्यातच पेटीत गेलेले. फुली एकही नव्हती.

"सात होत्या," मेदेर म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "सात फुल्या मी स्वतः मारल्यात."

"कुठल्या मेंढ्या?" साहेबांनी विचारलं.

"आकडे आठवत नाहीत."

"मग नाहीतच. यंत्र म्हणतंय कळप साफ आहे. काढ कागद."

मेदेर काढेना. साहेबांनीच काढला, त्यावर शिक्का मारला आणि तोकोनच्या हातात दिला. तोकोननं टोपी उडवली आणि पळाला.

मी म्हटलं, "बालाम, लेकरा, चिठ्ठ्या मी जाळल्या."

तो खिडकीतून पुलाकडे बघत होता. कळप तिकडे वळलेला दिसत होता. मग तो उठला आणि त्या पायानं धावला. त्याला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाहवतही नव्हतं. मीही मागून गेले, माझं धावणं म्हणजे रांगणंच.

पुलाच्या मधोमध तो हात पसरून उभा राहिला. पुढच्या मेंढ्या त्याच्या पोटाला धडकून थांबल्या.

"बाजूला हो, लंगड्या!" तोकोन घोड्यावरून ओरडला. "माझ्याकडे शिक्क्याचा कागद आहे!"

"कागद खोटा आहे. सात आजारी आहेत. परत रक्त घ्यावं लागेल."

"दोन दिवस जातील! तुझ्या आठवणीवर मी कुरण सोडू? उद्या कुमूर गावचे मेंढपाळ माझी जागा घेतील, मग मेंढ्या तुझ्या डोक्यावर चारू?"

पुलावर पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मागून दुसरे कळप येऊन भिडले होते, सगळे एकदम शिव्या देत होते. साहेब काठावरून हाका मारत होते, "मेदेर, नोकरी जाईल!"

मेदेरनं वाकून विजारीचा पाय वर गुंडाळला. तो गुडघा मीही पहिल्यांदाच पाहिला. उपटलेल्या झाडाच्या बुंध्यासारखा होता.

"हे दुधातूनही येतं. वर दूध कोण पिणार, तोकोन बाइके?"

तोकोनच्या मागच्या घोड्यावर त्याची नात बसली होती, सहा वर्षांची. तोकोन गुडघ्याकडे बघत राहिला. मग थुंकला आणि घोडा वळवला.

दोन दिवस रक्त घेतलं. सातच निघाल्या. तोकोननं आभार मानले नाहीत. कुरणाची वरची अर्धी बाजू गेली, त्याबद्दल अजून बोल लावतो.

आता मेदेर एक कळप हातात धरतो आणि तो पूर्ण झाला की आधी पेटीत टाकतो. यंत्र पेटीपर्यंत जाऊन येईस्तोवर कागद देत नाही. एका मेंढीमागे एक खेप नाही, आणि हातात अर्धा तास काही लोंबकळतही नाही. रांग थोडी थांबते, साहेब पुष्कळ ओरडतात. सही अजून मेदेरचीच आहे, बॅटरीचा डबा अजून मेलेलाच आहे आणि किटलीही जागच्या जागी आहे, कारण पाहुणे यायचे थांबत नाहीत.

मी मात्र टोपली उचलण्याआधी विचारते, "गेलं का रे पेटीत?"

"थांब, आपा," तो म्हणतो. खिडकीबाहेर एखादा कळप पूल ओलांडत असतो. त्यातली शेवटची मेंढी पलीकडे जाईपर्यंत तो माझ्याकडे बघत नाही.