जावयाच्या हातचा लाडू

कचारगडच्या जत्रेत यंदाही मोहफुलांचे लाडू खपले नाहीत, तर हा धंदा बंद करून पुन्हा ब्लाऊज शिवायला बसायचं, असं बायकोने ठरवलं होतं. मागच्या जत्रेतून लाडू परत आले. का, ते कुणी सांगेना.

"आधी लोकांना विचारायचं, मग गूळ भरायचा," ती म्हणाली. विचारायची कामगिरी माझ्यावर. मला बोलायला आवडतं, एवढीच माझी पात्रता.

डबा घेऊन मी सालेकशाजवळच्या माझ्या सासुरवाडीला गेलो. जत्रेला लोटणारी माणसं तिकडचीच. घरोघरी लाडू वाटले.

"लय मस्त, जवाईबापू!"

"एक नंबर!"

शेजारच्या आजीने तर लाडू कपाळाला लावून पदरात बांधला. मी लढाई जिंकल्याच्या थाटात परतलो आणि बायकोपुढे एकेकाचा आवाज काढून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "चावला कुणी?"

माझं नाटक तिथेच पडलं. एकाने खिशात टाकला होता, एकीने देवळीत ठेवला होता. तोंडात कुणीच घातला नव्हता.

"जावयाच्या हातच्या वस्तूला त्या गावात कोण नाव ठेवेल? गोटे वाटले असते तरी मस्तच म्हणाले असते. आता मी विचारते."

"तू तर गावची लेक. तुझं मन कोण मोडणार?"

पण ती हरली नाही. "मग कुणीतरी तिसरा शोधा."

तिसरा मला लगेच सापडला. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायकच करत असे. पुढच्या बाजाराच्या दिवशी तेच लाडू वर्तमानपत्रात गुंडाळून सासऱ्यांच्या अंगणात उभा राहिलो. बाजाराला निघालेले शेजारी अन् नातेवाईक भोवती जमले. बायको आत, दाराआड.

"हे शहरातल्या एका दुकानदाराचे लाडू," मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "तो म्हणते, जत्रेत तुमच्या लेकीच्या बाजूलाच बसतो अन् तिले उठवतो."

अंगण पेटलं!

"आना इकडं!" आजीने लाडू पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. "हा लाडू हाये का गोटा? पाक काऊन एवढा कडक केला त्यानं?"

"गुळात साखर कायले टाकली?" चुलतसासरे गरजले. "मोह का कमी गोड रायते?"

"भाजलाच नाही बराबर," बायकोची थोरली वहिनी हुंगत म्हणाली. "कच्चा वास येऊन राहिला."

मला चेव आला. "अहो, शहरात असंच चालते," मी दुकानदाराची बाजू घेतली. लगेच तिळाची कमतरता आणि तुपाची कंजुषीही बाहेर पडली. इतका आनंद मला रंगमंचावरही मिळाला नव्हता.

तेवढ्यात बायको दारातून बाहेर आली. "हे माझेच लाडू आहेत."

आजीचा वरवंटा हवेतच राहिला. "मंग पयलेच सांगाचं ना, बाई!"

"सांगितलं असतं तर बोलली असतीस का, आजी?"

"नाही," आजी म्हणाली. मग पदर खोचला. "चाल चुलीपाशी."

त्या दिवशी बायकोने साखरेला रजा दिली, मोह लालसर भाजला, तीळ वाढवले आणि पाक मऊ राहिला की नाही, ते आजीच्या उरलेल्या दातांवर तपासून घेतलं. एकदा जमेना, तिने पुन्हा चूल पेटवली. पुन्हा जमेना, पुन्हा.

जत्रेत डोंगरातल्या देवाच्या गुहेकडून उतरलेल्या एका म्हाताऱ्याने पहिला लाडू घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. पूर्ण खाल्ला. बायकोला राहवेना. "कसा आहे, बाबा?"

"मोठा हाये. पोरं अर्धा फेकतेत. लहान बांध." एवढं बोलून त्याने घरच्यांसाठी पिशवी भरून घेतली.

त्याच्यामागे गर्दी झाली आणि पहिली परात सपाट झाली. मी दुसरी पुढे सरकवली, तर तिने माझा हात धरला. "थांबा. ऐकलं नाही का?" आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना ती एकेक लाडू मोडून लहान वळायला बसली.