मोटरहोममधला गणपती

दोन हजार तीन साली नवऱ्यानं लेबर डेच्या लाँग वीकेंडला हौसेनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बुक केली. नेमकी त्याच रविवारी गणेशचतुर्थी होती; इथल्या कॅलेंडरवर ती छापत नाहीत, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. धन्य!

सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून सातासमुद्रापार आमच्याकडे नॉर्थ यॉर्कला आल्या होत्या. घरचा दीड दिवसांचा गणपती आता एकुलत्या एक मुलाकडे. मूर्ती आणि पाट त्यांनी साड्यांत गुंडाळून आणले होते. पाट त्या रोज पुसायच्या आणि परत सुटकेसमध्ये ठेवायच्या. "इथं बाप्पा नीट बसला तर राहीन, नाहीतर परतीचं तिकीट आहेच," असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं होतं. त्या राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. तिकडे एकट्या कुणाच्या भरवशावर राहणार होत्या?

"बुकिंग कॅन्सल करतो," नवरा म्हणाला.

"काऊन?" सासूबाई म्हणाल्या. "बाप्पालाही घेऊन चल. फक्त एकदा बसवला की उत्तरपूजेपर्यंत जागचा हलवायचा नाही."

शनिवारी संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या एका जुन्या गावात पोचलो. दगडी चर्च, बंद पडलेली पाणचक्की, आणि चक्कीच्या आवारात मोटरहोम लावायला जागा. रविवारी सकाळी जेवायच्या छोट्या टेबलावर बाप्पा बसले. उदबत्ती लावली आणि स्मोक अलार्म कोकलला. मी त्याला शॉवर कॅप घातली. आरती झाली, तेवढ्यात दार वाजलं.

आवाराची देखरेख करणारे म्हातारेबुवा होते. "वन नाइट ओन्ली," त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. आमच्या जागेवर येणारी दुसरी मोटरहोम फाटकाशी येऊन उभीच होती. मी खूप गयावया केली. त्यांना वाईट वाटलं, पण ते तरी काय करणार?

"तू काल पाटी वाचली नव्हतीस?" मी नवऱ्याला विचारलं.

"वाचली होती. वाटलं, कोण बघतंय!"

माझा असा पारा चढला! तोवर हा आईकडे वळला. "आई, उत्तरपूजा आत्ताच उरकून टाकू."

"आत्ता कुठं बसला, आणि तू त्याला घालवून राहिला?" त्यांचे डोळे भरून आले. झालं, मी मनात म्हटलं, गेल्या या परत.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, पाटाकडे पाहिलं. मग उठल्या. मूर्तीभोवती टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि दोन्ही हातांनी पाट धरून बसल्या.

"पाटावरून तर नाही ना हलवून राहिलो आपण त्याला? घर चाललं, तो घरातच आहे. माझंही घर हललंच की. चल, चालव. पण खड्डे पाहून."

"इथं खड्डे नसतात, आई."

"मग हळू चालव."

मागच्या गाड्यांचे हॉर्न खात आम्ही घरापर्यंत आलो. त्यांनी वाटेत पाट एकदाही सोडला नाही. मोटरहोम ड्राइव्हवेत लावली, तर रात्री त्या बाप्पाजवळ गाडीतच झोपल्या. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि बॅकयार्डात बादलीत विसर्जन. गाडी परत करायला उशीर झाला म्हणून नवऱ्यानं बोलणी खाल्ली. बरं झालं, खाऊ देत.

संध्याकाळी त्यांनी पाट पुसला. मी नेहमीसारखी सुटकेस आणून समोर ठेवली.

"हे काऊन आणलं?" त्या म्हणाल्या. "पाट ठेवायला या घरात एक फळी नाही?"

मला रडूच फुटलं. कपाटातली वरची फळी मी तिथल्या तिथे रिकामी केली. आमचे विंटर बूट बेसमेंटमध्ये गेले.