परत केलेली वाटी

"गाठ साधी नाही," नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. तिचा कागद त्यांच्या हातात होता. माझी बायको कमल बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट.

स्तनातली गाठ इतक्या लवकर कशी वाढली, असं मी विचारलं. "या पेशींचा मेटाबॉलिझम, म्हणजे अन्नापासून शक्ती करायची रीत, बदललेली असते," डॉक्टर म्हणाले. "त्या साखर भराभरा ओढतात आणि वाढत राहतात."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. घरातली साखर, गूळ सगळं शेजारी देऊन टाकलं. साखर मिळाली नाही की गाठ उपाशी मरेल, असा माझा हिशोब.

ऑपरेशन झालं, स्तन काढला. मग अंगात उरलेल्या पेशींसाठी केमोथेरपीची, म्हणजे वाढत्या पेशी मारणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले. कमल फिका चहा तोंड वाकडं करून प्यायची आणि विचारायची, "मास्तर, परीक्षा कधी संपणार?" तिच्या बांगड्या सैल झाल्या. मला वाटायचं, उरलेल्या पेशी वाळतायत.

वैशाख पौर्णिमेला आमच्या वस्तीत घरोघरी खीर होते. सुजातेची खीर खाऊन बुद्धांनी कडक उपास सोडले, त्याची आठवण. शेजारच्या सखूबाई वाटी घेऊन आल्या.

"लय गोड नाय केली, मास्तर. कमलताईला दोन चमचे तरी द्या."

मी दारातूनच वाटी परत केली. कमल आतून बघत होती. "अहो, बुद्धांनाही कुणी असं अडवलं नव्हतं," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला तिचं वजन बघून डॉक्टरांनी खाणं विचारलं आणि साखर बंद केल्याचं ऐकून चिडले. "त्या पेशी उपाशी मरत नाहीत. रक्तातून हवं ते त्या घेतातच. उपाशी राहिल्या त्या बाई." आजार यकृतात पसरला होता. तो तुमच्यामुळे नव्हे, असंही ते म्हणाले. पण ते चार महिन्यांचे फिके चहा माझ्यामुळेच होते.

घरी येऊन मी स्वतः खीर केली. कमलनं एक चमचा घेतला. दुसरा गिळवेना. "छान झालीय," म्हणाली. मला रडू आवरलं नाही. पंधरा दिवसांनी ती गेली.

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर काही बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि माणसाला काय खावंसं वाटतंय, तेही विचारा.

सखूबाई अजून दर वैशाख पौर्णिमेला खीर आणतात. मागचं कधी काढत नाहीत. मी वाटी घेतो, खातो, धुतो. रिकामं भांडं परत करू नये म्हणतात, म्हणून वाटीत चमचाभर साखर घालून देतो.